कस्टम रिकव्हरी टाकल्यावर फोन बूटलूपमध्ये अडकला तर

टीडब्ल्यूआरपी किंवा ऑरेंजफॉक्स (फोनच्या मूळ दुरुस्ती-मेनूच्या, म्हणजे रिकव्हरीच्या, जागी टाकायच्या कस्टम रिकव्हरी) टाकून फोन रीबूट केला आणि तो लोगो दाखवून पुन्हा पुन्हा बंद-चालू व्हायला लागला, तरी हाताला लागेल ती फाइल फ्लॅश करत (म्हणजे फोनच्या स्टोरेजच्या भागांवर, पार्टिशनांवर, लिहीत) सुटू नका आणि घाबरून 'फॉरमॅट डेटा' दाबू नका. बूटलोडर (फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) शाबूत असेल तर असा फोन बहुतेक वेळा परत उभा राहतो, आणि बऱ्याचदा डेटासकट. खरं नुकसान होतं ते नंतरच्या घाईत मारलेल्या चुकीच्या फाइलींमुळे.

आधी लूप नेमका कुठे तुटतोय ते बघा. कंपनीचा लोगो येऊन काही सेकंदांतच फोन रीस्टार्ट होत असेल, तर बूट इमेज (कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, असलेली फाइल) चुकली आहे किंवा व्हेरिफाइड बूटने (सुरू होताना सॉफ्टवेअर तपासणाऱ्या यंत्रणेने) तिला नकार दिला आहे. अ‍ॅनिमेशन सुरू होऊन तिथेच घुटमळत असेल, तर कर्नल चालू झालं आहे. अडचण सिस्टिम, डेटा किंवा मॅजिस्कच्या (फोन रूट करणाऱ्या साधनाच्या) मॉड्यूलमध्ये आहे. रॉम (नवी अँड्रॉइड सिस्टिम) टाकल्यानंतरचं पहिलं बूट असेल तर दहा-पंधरा मिनिटं वाट बघा. फोन दर वेळी रिकव्हरीतच उघडत असेल तर कारण सहसा मिस्क पार्टिशनमध्ये (बूटलोडरसाठीचे निरोप ठेवायच्या छोट्या जागेत) असतं.

बॅटरी निदान ५० टक्के हवी. डेटा जाणारी केबल वापरा आणि शक्यतो यूएसबी २.० पोर्टला लावा. यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट (संगणकावरून फोनवर इमेज लिहिण्याची पद्धत) मध्येच तुटण्याचा त्रास बऱ्याच संगणकांवर होतो. गूगलचं ताजं प्लॅटफॉर्म-टूल्स (यात एडीबी आणि फास्टबूट ही साधनं असतात) उतरवून घ्या. फोनमध्ये होती त्याच बिल्ड नंबरची मूळ फर्मवेअर शोधा. मॉडेलचं नाव जुळून भागत नाही, कोडनेम (त्या फोनचं आतलं सांकेतिक नाव) जुळलं पाहिजे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन फोनमध्ये चिपसुद्धा वेगळी असू शकते.

पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, बहुतेक फोन फास्टबूटमध्ये जातात. सॅमसंगमध्ये फास्टबूट नाही, डाउनलोड मोड आहे: केबल संगणकाला लावलेली ठेवा, याच दोन बटणांनी फोन बंद पाडा आणि स्क्रीन काळी होताच दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबून धरा. पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान. 'फास्टबूट डिव्हायसेस' दिल्यावर सिरियल नंबर दिसला नाही तर ड्रायव्हर किंवा केबल बघा. मग 'फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट' आणि 'फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट' यांची उत्तरं लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक बूट पार्टिशनची. अँड्रॉइड ७ पासून ए/बी पद्धतीचे (सिस्टिम दोन जागी, म्हणजे ए आणि बी स्लॉटमध्ये, ठेवणारे) फोन आले. त्यांतल्या बऱ्याच फोनमध्ये रिकव्हरीचं वेगळं पार्टिशन नसतं, ती बूट इमेजच्या रॅमडिस्कमध्ये (सुरू होताना मेमरीत उघडणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) बसते. अशा फोनवर टीडब्ल्यूआरपी सरळ बूटवर फ्लॅश केली की मूळ कर्नल आणि रॅमडिस्क दोन्ही पुसले जातात, आणि रिकव्हरी चालते पण सिस्टिम चालत नाही. नव्या फोनमध्ये रिकव्हरी व्हेंडर-बूटमध्येही असू शकते. तुम्ही ज्या पार्टिशनवर लिहिलंत, त्याचीच मूळ इमेज परत टाका: 'फास्टबूट फ्लॅश बूट बूट.आयएमजी'. फर्मवेअरमध्ये सुटी इमेज नसून फक्त पेलोड.बिन (सगळ्या इमेज एकत्र बांधलेली फाइल) असेल तर पेलोड-डंपर-गो हे साधन वापरून काढून घ्या. इमेज त्याच बिल्डची हवी. कर्नल आणि व्हेंडर पार्टिशनमधली मॉड्यूल्स (हार्डवेअरचे ड्रायव्हर) जुळली नाहीत तर फोन चालू होऊनही वाय-फाय किंवा टच मेलेला राहतो.

बूट इमेज बरोबर असूनही लोगोवरच लूप होत असेल तर व्हीबीमेटाकडे या. अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या एव्हीबी २.० (व्हेरिफाइड बूटची आवृत्ती) मध्ये या छोट्या पार्टिशनात बाकी पार्टिशनांचे हॅश आणि सह्या ठेवलेल्या असतात. रिकव्हरी बदलली की हिशेब चुकतो आणि बूट थांबतं. मूळ फर्मवेअरमधलीच व्हीबीमेटा घ्या आणि तपासणी बंद करून टाका: 'फास्टबूट --डिसेबल-व्हेरिटी --डिसेबल-व्हेरिफिकेशन फ्लॅश व्हीबीमेटा व्हीबीमेटा.आयएमजी'. नंतर कधी हीच फाइल या दोन पर्यायांशिवाय टाकली की तपासणी पुन्हा चालू होते आणि लूपही परत येतो. काही फोनवर तपासणी बंद केल्यावर जुना डेटा उघडतच नाही, म्हणून डेटा महत्त्वाचा असेल तर आधी मूळ बूट आणि मूळ रिकव्हरी परत टाकून फोन चालू करा, बॅकअप घ्या आणि मगच व्हीबीमेटाला हात लावा.

फोन रिकव्हरीतच परत परत उघडतो, हा प्रकार बहुतेकदा कंपनीचं अपडेट आल्यावर किंवा सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट केल्यावर होतो. सिस्टिम मिस्क पार्टिशनच्या सुरुवातीला 'बूट-रिकव्हरी' असा निरोप लिहिते. मूळ रिकव्हरी काम झालं की तो पुसते. कस्टम रिकव्हरीला ते काम जमलं नाही तर निरोप तसाच राहतो आणि बूटलोडर दर वेळी तोच वाचतो. हा निरोप पहिल्या २०४८ बाइटमध्ये असतो, तेवढाच पुसा. टीडब्ल्यूआरपीच्या टर्मिनलमध्ये 'एलएस /डेव्ह/ब्लॉक/बाय-नेम' देऊन मिस्क खरंच तिथे आहे का बघा. काही फोनमध्ये मार्ग /डेव्ह/ब्लॉक/बूटडिव्हाइस/बाय-नेम असा असतो. मिस्कची प्रत एसडी कार्डवर किंवा संगणकावर घ्या आणि मग: 'डीडी आयएफ=/डेव्ह/झिरो ओएफ=/डेव्ह/ब्लॉक/बाय-नेम/मिस्क बीएस=२०४८ काउंट=१'. ओएफच्या पुढचा मार्ग एंटर दाबण्याआधी दोनदा वाचा, इथे एक शब्द चुकला तर दुसरंच पार्टिशन कोरं होतं. 'फास्टबूट इरेज मिस्क' सोपं दिसतं, पण काही ए/बी फोनमध्ये स्लॉटची माहिती याच पार्टिशनात पुढे असते. तीही त्यात जाते.

स्लॉट बदलायचा, म्हणजे 'फास्टबूट सेट_अ‍ॅक्टिव्ह ए' किंवा 'बी', तर जपून. दुसऱ्या स्लॉटमध्ये आधीच्या अपडेटची सिस्टिम पडलेली असते. नव्या सिस्टिमने वापरलेला डेटा जुन्या सिस्टिमला पेलत नाही, म्हणजे एक लूप सोडून दुसरा.

अ‍ॅनिमेशनवर अडकलेल्या फोनमध्ये मॅजिस्क असेल तर आधी मॉड्यूल काढा. यूएसबी डीबगिंगला पूर्वी परवानगी दिलेली असेल तर 'एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स' चालवा. नाहीतर अ‍ॅनिमेशन सुरू होताच व्हॉल्यूम डाउन दाबून धरा, सेफ मोडमध्ये मॉड्यूल बंद राहतात. तरीही लूप असेल आणि रिकव्हरी उघडत असेल, तर लूप झाल्यावर लगेच तिच्यातून /सिस/एफएस/पीस्टोअर या फोल्डरमधली कन्सोल-रॅमऊप्स नावाची फाइल काढा. कर्नल पॅनिक झालं (कर्नल कोसळलं) असेल तर कारण तिच्या शेवटच्या ओळींत सापडतं.

रिकव्हरीत इंटर्नल स्टोरेज ० एमबी दिसतं किंवा फोल्डरची नावं अगम्य अक्षरांची दिसतात, तेव्हा डेटा गेलेला नसतो; रिकव्हरीला एन्क्रिप्शन उघडता आलेलं नसतं. याच क्षणी लोक फॉरमॅट करतात आणि मग फोटो खरंच जातात. साधा 'वाइप डेटा' अ‍ॅपचा डेटा काढतो पण फोटो ठेवतो. 'फॉरमॅट डेटा', जिथे येस टाइप करावं लागतं, फोटोंसकट एन्क्रिप्शनच्या चाव्याही पुसतो.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर पूर्ण मूळ फर्मवेअर टाका. सॅमसंगला ओडिनमध्ये (सॅमसंगच्या फ्लॅश करण्याच्या साधनात) सीएससीच्या (प्रदेशानुसारच्या फाइलच्या) जागी होम_सीएससी निवडलं तर डेटा राहतो. शाओमीच्या फ्लॅश टूलमध्ये 'क्लीन ऑल अँड लॉक' चालू नाही ना, हे सुरू करण्याआधी बघा. बदललेल्या किंवा दुसऱ्या प्रदेशाच्या सिस्टिमवर बूटलोडर लॉक झाला तर साध्या फास्टबूटने सुटका होत नाही. जुनी आवृत्ती टाकण्याआधी 'फास्टबूट गेटव्हार अँटी' चा आकडा तपासा. फर्मवेअरचा अँटी-रोलबॅक (जुनी आवृत्ती टाकणं अडवणारा) आकडा फोनच्या आकड्याहून कमी असेल तर ती टाकू नका, फोन पूर्ण मरू शकतो.

फोन चालू झाला की पुन्हा रिकव्हरी टाकताना आधी 'फास्टबूट बूट' ने ती नुसती चालवून बघा. सगळे फोन हे करू देत नाहीत, पण जे देतात त्यांवर काहीही न लिहिता इमेज जुळते का ते कळतं. ओडिनने टाकत असाल तर ऑटो रीबूटची खूण काढा आणि फ्लॅश संपताच सरळ रिकव्हरीत जा. आधी सिस्टिम चालू झाली तर ती मूळ रिकव्हरी परत लिहून टाकू शकते.