परदेशातून पुण्यात भाड्यासाठी फ्लॅट घेताना या चुका टाळा

परदेशात राहणाऱ्या ग्राहकापर्यंत पुण्यातल्या फ्लॅटची जी माहिती पोहोचते, ती बहुतेक वेळा ज्यांना त्या विक्रीतून पैसे मिळणार आहेत त्यांच्याकडूनच आलेली असते. माहितीपत्रक बिल्डरचे, भाड्याचा अंदाज एजंटचा आणि व्हिडिओ रस्ता मोकळा असताना काढलेला. खालील बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा घरबसल्या पकडता येतात.

भाड्याला किमतीने भागून परतावा काढणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून एक काल्पनिक हिशेब सविस्तर मांडतो. तयार इमारतीतला 90 लाखांचा फ्लॅट आणि महिना 25,000 रुपये भाडे धरले, तर वर्षाचे 3 लाख, म्हणजे 3.3 टक्के परतावा दिसतो. प्रत्यक्षात पुणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के (खरेदी केवळ महिलेच्या नावे असल्यास 6 टक्के) आणि नोंदणी शुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये भरावे लागते. त्यात स्वयंपाकघरातले फर्निचर, पंखे, गीझर, जाळ्या यांचे 3.4 लाख मिळवले की गुंतवणूक एक कोटीवर जाते. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे राहिले, तर हाती 2,75,000 येतात. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 42,000, एजंटची दलाली 25,000, मिळकतकर 18,000 आणि रंगकाम-दुरुस्ती 20,000 वजा केल्यास 1,70,000 उरतात. प्राप्तिकर भरण्याआधीच परतावा 1.7 टक्के झाला. एवढ्यावरही एखाद्याला किंमत वाढण्याच्या आशेने फ्लॅट घ्यावासा वाटेल; तो निर्णय वेगळा आहे, पण त्याला भाड्याचे उत्पन्न म्हणू नये.

मिळकतकराचा आकडा आधीच्या मालकाच्या बिलावरून घेणेही चुकीचे ठरते. मालक स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात 40 टक्के सवलत देते आणि घर भाड्याने दिले की ती मिळत नाही. शिवाय मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सहकारी गृहनिर्माण संस्था बिनभोगवटा शुल्क लावते, ज्याची कमाल मर्यादा 2001 च्या शासन निर्णयानुसार सेवा शुल्काच्या 10 टक्के आहे. संस्था याहून जास्त आकारत असेल, तर तो निर्णय दाखवून लेखी हरकत घ्यावी.

पाण्याबद्दल केवळ तोंडी विचारणे

‘पाणी चोवीस तास आहे’ हे उत्तर खोटे नसते, कारण नळाला पाणी येते. ते टँकरचे आहे की महापालिकेचे, एवढेच सांगायचे राहते. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली, परंतु वाघोली, उंड्री, सूस, म्हाळुंगे अशा भागांत इमारती जितक्या झपाट्याने उभ्या राहिल्या, तितक्या झपाट्याने जलवाहिन्या पोहोचल्या नाहीत. म्हणून सोसायटीचा लेखापरीक्षित जमाखर्च मागवावा आणि टँकरवरचा वार्षिक खर्च पाहावा, तसेच एप्रिल-मे महिन्यांची मेंटेनन्सची बिले वेगळी मागावीत. जमाखर्च दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजावे.

नदीकाठच्या इमारतीबाबत पूररेषा तपासणे आवश्यक आहे. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले होते. विक्रीसाठीच्या छायाचित्रांत मात्र ‘रिव्हर व्ह्यू’ फक्त उन्हाळ्यातला असतो.

नकाशावर अंतर मोजणे आणि स्पर्धा न मोजणे

वाकड किंवा पुनावळेहून हिंजवडीचे आयटी पार्क नकाशावर जवळ दिसते, पण भाडेकरू किलोमीटर पाहत नाही, सकाळी नऊ वाजता लागणारा वेळ पाहतो. कामाच्या दिवशी, त्याच वेळी सोसायटीच्या फाटकापासून कार्यालयापर्यंतचा प्रवास कोणाला तरी करून पाहायला सांगावा.

याहून अधिक दुर्लक्षित बाब म्हणजे पुरवठा. गुंतवणूकदारांनीच भरलेल्या प्रकल्पात शेकडो फ्लॅटचे ताबे एकाच वेळी मिळतात, सगळे मालक एकाच वेळी भाडेकरू शोधू लागतात आणि भाडे पहिल्याच वर्षी कोसळते. महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर आसपासच्या प्रकल्पांच्या पूर्णत्वाच्या तारखा आणि सदनिकांची संख्या मिळते. ती पाहिल्यास आपला ताबा कोणत्या गर्दीत येणार आहे, याचा अंदाज येतो.

कागद नंतर पाहू म्हणणे

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात कराराची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. जुन्या फ्लॅटसाठी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आणि मालकी हक्काबाबत वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल पाहावा. एजंटने सांगितलेला दर आणि त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोनमधली (नोंदणीकृत दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यातली) रक्कम यांची तुलना नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून करता येते. भाड्याच्या बाबतीतही जाहिरातीतला आकडा न धरता मागच्या भाडेकरूच्या नोंदणीकृत कराराची प्रत मागावी.

फ्लॅट पाहायला पुण्यातल्या नातेवाईकाला पाठवणे चांगलेच, पण ‘काका, जरा बघून या’ एवढे सांगून भागत नाही. काका घर स्वतः राहण्याच्या दृष्टीने पाहतात आणि पूर्वेचा दरवाजा, हवा, उजेड यांवर खूश होऊन परततात. त्यांना प्रश्न लिहून द्यावेत: लिफ्ट किती वेळा बंद पडते, कुलूपबंद फ्लॅट किती आहेत, अविवाहित भाडेकरूंना सोसायटी अडवते का, पार्किंग करारात लिहिलेले आहे का. यांची उत्तरे सुरक्षारक्षक आणि तिथलेच भाडेकरू सर्वांत सरळ देतात.

चूक आधीच झाली असेल तर

मालक अनिवासी असल्यास भाडेकरूने भाड्यातून सामान्यतः 30 टक्के अधिक उपकर, म्हणजे 31.2 टक्के टीडीएस (उगमस्थानी करकपात) कापायचा असतो. निवासी मालकाच्या बाबतीत असते तशी भाड्याची किमान मर्यादा इथे नाही. अनेक भाडेकरूंना हे ठाऊक नसते आणि मालकही सांगत नाहीत. कपात झाली नसेल, तर सनदी लेखापालाच्या सल्ल्याने पुढील महिन्यापासून ती सुरू करावी आणि मागचा हिशेब निस्तरावा. कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, आणि जास्त कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मिळवता येते. भाडे नातेवाईकाच्या खात्यात जमा होत असेल, तर ते स्वतःच्या एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात) वळवावे.

भाडेकरार केवळ नोटरीसमोर केला असेल, तर तो नव्याने नोंदवून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणीकृत करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे काम पुण्यातल्या विश्वासू व्यक्तीकडे सोपवायचे असल्यास विशिष्ट कामापुरतेच कुलमुखत्यारपत्र द्यावे, विक्रीचे अधिकार त्यात घालू नयेत, ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.