पडद्यावरचा रगडा: बेळगाव भागात लष्करी प्रशिक्षणाचा प्रसंग चित्रित करताना

एक साधा कॅमेरा, तालमीतली आठ-दहा पोरं आणि दोन सकाळी हाताशी असल्या, तर लघुपटातला रिक्रूटांच्या रगड्याचा प्रसंग नीट उभा राहतो. तो फसतो बहुधा एकाच कारणाने: सगळा कॅमेरा ओरडणाऱ्या उस्तादावर, म्हणजे प्रशिक्षकावर लागतो. धाक ऐकणाऱ्याच्या गळ्यात, पापण्यांत दिसतो. म्हणून आधी रांगेतल्या पोरांचे क्लोजअप घ्या, उस्ताद शेवटी.

१९८७ च्या ‘फुल मेटल जॅकेट’ या सिनेमातला उस्ताद, आर. ली अर्मी, खरोखर अमेरिकेच्या मरीन कोअरचा ड्रिल इन्स्ट्रक्टर होता. त्याची शिवीगाळ उचलून इथे बसवू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे आणि इथल्या प्रेक्षकांच्या भावकीत एखादा तरी फौजी असतोच. खोटं लगेच पकडलं जातं. शब्द हिंदीत हवेत: ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘तेज चल’, ‘थम’. हुकुमाचे दोन भाग असतात. ‘परेड’ लांबवायचं, क्षणभर थांबायचं, मग ‘सावधान’ तोडून टाकायचं. दोन्ही एका दमात म्हटलं की टाचा एकत्र वाजत नाहीत. पोरं आपसांत मात्र ‘काय करूलास?’ असंच बोलू देत.

वर्दीचा मोह टाळा. सैन्याचा २०२२ चा नवा कॉम्बॅट पॅटर्न बाहेर कुणी शिवून विकायचा नाही. पांढरा बनियन, गडद हाफ पँट आणि कॅनव्हासचे बूट पुरतात, शिवाय घाम-चिखल पांढऱ्यावर उठून दिसतो. इन्सास रायफल सुमारे ४ किलोची असते. सुताराकडून केलेली लाकडी रायफल त्याहून बरीच हलकी भरते आणि पोरं ती काठीसारखी फिरवतात. दस्त्यात आणि नळीच्या भागात लोखंडी सळी घालून वजन वाढवा, मग डोक्यावर धरलेले हात आपोआप थरथरतील. शूटिंगची लेखी कल्पना जवळच्या पोलीस ठाण्याला आधी द्या. लांबून ती खरी बंदूकच वाटते.

जागेसाठी जांभ्या दगडाची बंद, कोरडी खाण उत्तम: भिंतींमुळे आवाज घुमतो, मागे मोबाईलचा टॉवर येत नाही. पाणी साठलेल्या खाणीत कुणालाही उतरवू नका, काठ सरळ तुटलेले असतात. खानापूरच्या जंगलात वन खात्याची परवानगी लागते. कॅम्प भागात आणि सांबऱ्याच्या विमानतळ-हवाई दल परिसरात ड्रोनचं नावच काढू नये.

रांगण्याच्या शॉटमध्ये जास्त इजा होते. पश्चिमेकडच्या लाल मातीत जांभ्याचे खडे असतात, कोपरं सोलून निघतात. १० फूट लांब, ३ फूट रुंद पट्टा खणून त्यात चाळलेली काळी माती ४ इंच भरा आणि नळाच्या पाण्याने भिजवा. शेतातलं साचलेलं पाणी नको, जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. कोपरांना क्रिकेटचे एल्बो गार्ड बांधा आणि वरून पूर्ण बाह्यांचा बनियन घाला. कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर ठेवा. शटर १/२०० सेकंद केलं की उडणारा चिखल तुटक, बोचरा दिसतो. बराकीत ट्यूबलाइटखाली मात्र १/५० किंवा १/१०० वरच राहा, नाहीतर चित्र लुकलुकतं.

खरी दमणूक थोडीच लागते. ५ जोर खरे मारून घ्या, चाळीस संकलनात करा. घामाला ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात, फवारणीच्या बाटलीतून. बेडूकउड्या सलग १० च्या वर नकोत; ‘अजून एक टेक’ म्हणत शंभर झाल्या की स्नायू फाटतात. दुसऱ्या दिवशी कुणाला चहासारखी गडद लघवी झाली तर थेट दवाखाना. एप्रिल-मेमध्ये १० नंतर काम थांबवा, दर २० मिनिटांना ग्लासभर पाणी द्या. असंबद्ध बडबडणारा, अडखळणारा पोरगा अभिनय करत नसतो, तो उष्माघात असू शकतो: त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.

थप्पड पाठीमागून टिपा. हात गालापासून वीतभर दूर जाऊ दे, मार खाणाऱ्याने वेळेवर मान झटकायची, आवाज नंतर टाळीचा लावायचा.

केस कापायच्या आधीचे सगळे प्रसंग पहिल्या दिवशीच उरका. उस्तादाची मोठी आरोळी दिवसाच्या शेवटी ठेवा, कारण तिसऱ्या-चौथ्या टेकला घसा बसतोच. ती दोन ट्रॅकवर घ्या, दुसरा १२ डेसिबलने खाली, म्हणजे पहिला फाटला तरी काम अडणार नाही.