सिम बदलण्याआधी माजघरातून फोन लावा

रेंज दुकानदाराला विचारू नका. आमच्या कोकणात जांभ्याच्या जाड भिंती. अंगणात फुल रेंज, माजघरात आवाज तुटतो. ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम असलेल्या शेजाऱ्याला घरी बोलवा, संध्याकाळी माजघरातून कॉल लावा आणि पलीकडच्याला नीट ऐकू येतं का ते विचारा. भर पावसातही एकदा लावून बघाच.

२८ दिवसांच्या प्लॅनला वर्षाला १३ रिचार्ज पडतात, हिशेब तसाच धरा.

जिओसाठी नवा ५जी फोन घेताना एन२८ बँड आहे ना, बघा. या बँडच्या, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून चांगल्या आत येतात.

पटलं, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला इंग्रजीत ‘पोर्ट’ आणि पुढे आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस करा. उत्तरात नव्या कंपनीला द्यायचा कोड येतो. महाराष्ट्रात तो चारच दिवस चालतो.