ग्रह-धूमकेतूंच्या अभ्यासात यायचंय? फिलेच्या उसळीपासून सुरुवात करा

एमएस्सी फिजिक्सची मुलं विचारतात, "अवकाशयानं उतरवण्याच्या क्षेत्रात यायचंय, पण सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. जे लँडिंग गडबडलं, ते आधी हातात घ्या. सगळं सुरळीत पार पडलेल्या मोहिमेत प्रश्न कुठे विचारायचा हेच नवख्याला कळत नाही.

मी प्रोजेक्टला फिले घेतला होता, म्हणजे धूमकेतूवर उतरलेला लँडर. रोझेटा यान २००४ मध्ये निघालं आणि १२ नोव्हेंबर २०१४ रोजी त्यानं ६७पी धूमकेतूपासून साधारण साडेबावीस किलोमीटरवर या लँडरला सोडलं. सात तासांनी फिले सेकंदाला एक मीटर वेगानं टेकला आणि उसळला. जमिनीत रुतणारे हार्पून सुटलेच नाहीत. वरून दाबून धरणारा गॅसचा थ्रस्टरही चालला नाही. संदेश पृथ्वीवर पोचायला २८ मिनिटं लागत होती, त्यामुळे इथून काही करण्याचा प्रश्नच नव्हता.

आता कागद-पेन्सिल घ्या. धूमकेतूवर शंभर किलोच्या फिलेचं वजन पृथ्वीवरच्या एखाद्या ग्रॅमइतकं, म्हणजे गुरुत्व त्वरण ०.०००१ मीटर प्रति सेकंद वर्ग. उसळताना वेग सेकंदाला ३८ सेंटीमीटर. अकरावीची सूत्रं लावली की उंची येते ७२० मीटर आणि परत खाली यायला लागणारा वेळ दोन तासांहून थोडा जास्त. प्रत्यक्षात तो जवळपास एक तास पन्नास मिनिटांनी पुन्हा टेकला आणि किलोमीटरभर उंच गेला असावा असा अंदाज आहे. उत्तर जवळ आलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. ६७पी दोन गोळे चिकटवल्यासारखा वेडावाकडा आहे, शिवाय साडेबारा तासांत स्वतःभोवती फिरतो. तिथं गुरुत्व सगळीकडे सारखं कसं असेल? माझ्या गाइडना आकड्यापेक्षा फरक का पडला यातच रस होता, आणि तोंडी परीक्षेतही तेच विचारलं गेलं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते फिलेवरच्या रोमॅपनं. हा खरं तर चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर. पण लँडर गिरक्या घेऊ लागला की त्याच्या नोंदीत लाटा उमटतात. टेकल्यावर आतला फ्लायव्हील (लँडर स्थिर ठेवणारं फिरतं चाक) बंद झाला, त्याचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, लँडरकडे आला आणि गिरकी दर १३ सेकंदांची झाली. जागतिक वेळेनुसार १६:२० च्या सुमारास ही लय मोडते आणि पुढे २४ सेकंदांची होते. म्हणजे तो मध्येच कुठल्यातरी कड्याला धडकला! कॅमेऱ्याशिवाय अपघाताचा पंचनामा. पुढे तो सावलीत अडकला, साठेक तासांत बॅटरी संपली आणि रोझेटाच्या फोटोत सापडला तो थेट सप्टेंबर २०१६ मध्ये.

यासाठी पैसे लागत नाहीत. युरोपियन स्पेस एजन्सीच्या प्लॅनेटरी सायन्स अर्काइव्हमध्ये डेटा फुकट आहे. पायथन शिका, मग यान कधी कुठे होतं हे सांगणारी नासाची स्पाइस प्रणाली. स्पाइस सुरुवातीला डोकं खाते, तरी सोडू नका. मशीन लर्निंगचे कोर्स नंतर केले तरी चालतील, हे माझं वैयक्तिक मत. भांडायला मी तयार आहे.

पुढचा विषय हवा असेल तर फिलेवरचा म्यूपस हा प्रयोग पाहा. त्याचा तापमान मोजणारा खिळा हातोडीनं ठोकायचा होता, पण पृष्ठभाग इतका कडक निघाला की तो आत गेलाच नाही. मंगळावरच्या नासाच्या इनसाइट लँडरचंही असा खिळा ठोकण्यातच अडलं. चांद्रयान-३ वरच्या चेस्ट या तापमान मोजणाऱ्या उपकरणाची सळई मात्र फिरवत आत घातली होती आणि ती चंद्राच्या मातीत दहा सेंटीमीटर गेली. चेस्टच्या कामात अहमदाबादच्या पीआरएलचा (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) सहभाग होता, त्यामुळे तिथं पीएचडीला अर्ज करणार असाल तर मुलाखतीआधी हे तिन्ही प्रयोग शेजारी मांडून बघा. चांद्रयान-३ चा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळतो. नोंदणी मात्र करावी लागते.