कंसातलं नाव: विसरलेल्या सोल गायकांचा माग कसा काढावा

२०१० साली 'ब्लू व्हॅलेंटाइन' हा चित्रपट आला आणि त्यातल्या 'यू अँड मी' या गाण्यानं लोकांना वेड लावलं. एक गिटार, एका मुलीचा आवाज, मागे साथीला दोन-चार सूर, बस्स. गाणारे कोण, तर 'पेनी अँड द क्वार्टर्स'. आपल्या भाषेत सांगायचं तर 'पै आणि पावल्या'. पण ही पै कोण नि पावल्या कोण, हे ते गाणं २००७ मध्ये बाजारात आणणाऱ्या शिकागोच्या 'न्यूमेरो ग्रूप'लाही ठाऊक नव्हतं. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात एका घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत काही टेप मिळाल्या, त्यांतलं हे सत्तरच्या दशकातलं सरावाचं ध्वनिमुद्रण. टेपवर चमूचं नाव होतं, माणसांचं नव्हतं. २०११ मध्ये एकदाचा पत्ता लागला: पेनी म्हणजे नॅनी शार्प, आणि मागे गाणारे तिचे भाऊ.

सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, चर्चच्या गाण्याच्या वळणाचं लोकप्रिय संगीत. ते गाणारे असे चमू अमेरिकेच्या प्रत्येक औद्योगिक शहरात होते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आवाज तयार झालेली मुलं शाळेत चमू करत, गल्लीतला एखादा उत्साही माणूस स्वतःचं लेबल, म्हणजे छोटी रेकॉर्ड कंपनी, काढून काहीशे तबकड्या छापून घेई, त्या गावच्या रेडिओवर दोन-चार आठवडे वाजत आणि मग सगळे कारखान्याच्या पाळीवर कामाला जात. एखादी तबकडी किंवा नुसती ध्वनिफीत तुमच्या हाती लागली, तर पुढे काय करायचं ते सांगतो. बरंचसं काम घरबसल्या होतं.

आधी लेबल वाचा, आणि चमूचं नाव शेवटी

इथे लेबल म्हणजे तबकडीच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद. नवशिके चमूचं नाव शोधत बसतात. ते सर्वांत निरुपयोगी. एकाच नावाचे चमू चार शहरांत असत, आणि ते नाव दर वर्षी बदलेही. कधी नशीब उघडतं: कोलंबसच्याच 'कॅपसोल' लेबलवर एका चमूचं नाव होतं 'जॉन्सन, हॉकिन्स, टेटम अँड डर'. चौघांची आडनावं आयती! बाकी वेळी गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत, कंसात छापलेलं नाव पाहा. तो गीतकार. गीतकाराचं नाव सहसा खरं असतं, कारण मानधन त्याच नावावर जमा होतं. पेनीच्या बाबतीतही धागा जुळला तो गाणं लिहिणाऱ्या जे रॉबिन्सनच्या घरच्यांकडून. रॉबिन्सन स्वतः २००९ मध्येच वारला होता.

कंसातल्या नावानंतर प्रकाशकाचं नाव, त्यापुढची 'बीएमआय' किंवा 'एस्कॅप' ही अक्षरं, निर्मात्याचं नाव, पत्ता असल्यास पत्ता, सगळं वहीत उतरवा. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी सुधारू नका. बीएमआय आणि एस्कॅप या मानधन गोळा करणाऱ्या संस्था आहेत. दोघींच्या याद्या इंटरनेटवर फुकट शोधता येतात, आणि एका गीतकाराच्या नावावर दुसरी चार गाणी निघाली की त्याचे साथीदारही दिसू लागतात.

आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवर हा प्रश्न गाणारेच सोडवून ठेवत. १९०२ मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गौहर जान गाणं संपताना 'माय नेम इज गौहर जान' असं मोठ्यानं म्हणाली, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या लोकांना लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळायला हवं होतं. सोलवाल्यांनी ही सवय लावून घेतली असती तर या लेखाची गरजच पडली नसती.

कोऱ्या पट्टीवरचे ओरखडे

गाण्याच्या खाचा संपल्यावर लेबलाभोवती एक गुळगुळीत पट्टी राहते. तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. तिथे हातानं कोरलेले किंवा ठशानं उमटवलेले आकडे दिसतील. तबकडी कुठे आणि साधारण केव्हा छापली ते यावरून कळतं. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याच्या तबकड्यांवर छोट्या त्रिकोणाशेजारी आकडा असतो. हे आकडे क्रमानं वाढत गेले, त्यामुळे शेजारचे आकडे माहीत असले की वर्ष, कधी कधी महिनाही ठरतो. सिनसिनाटीची 'राइट' ही कंपनी ओहायो, केंटकी भागातल्या चर्चना आणि हौशी गायकांना तबकड्या छापून द्यायची. तिच्या आकड्यांवरूनही असाच काळ काढता येतो. संग्राहकांनी या आकड्यांचे तक्ते इंटरनेटवर केव्हाच मांडून ठेवले आहेत.

वर्ष कळलं की कॉपीराइट कार्यालयाच्या छापील नोंदवह्या उघडा. १९७७ पर्यंतच्या संगीताच्या नोंदी 'इंटरनेट आर्काइव्ह'वर स्कॅन करून ठेवल्या आहेत. १९७८ पासूनच्या नोंदी कार्यालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सापडतात. जुन्या नोंदीत गाण्याचं नाव, गीतकार, हक्कदार आणि तारीख असते. क्रमांक 'ईयू'नं सुरू होत असेल तर गाणं अप्रकाशित म्हणून नोंदवलेलं. याचा अर्थ तबकडी कधी निघालीच नाही अशा गाण्याचाही इथे कागद सापडू शकतो. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वांत गोड जागा हीच.

'डिस्कॉग्ज' आणि '४५कॅट' ही तबकड्यांच्या याद्यांची संकेतस्थळं पाहाच, पण तिथली माहिती तुमच्या-माझ्यासारख्यांनीच भरलेली असते. त्यात इंग्लंडमधल्या नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे दुर्मीळ अमेरिकन सोलवर नाचणाऱ्यांच्या दुनियेतल्या, डीजेंनी आणखी एक घोळ घालून ठेवला. 'विगन कसिनो'सारख्या नाचघरांत (१९७३ ते १९८१) रात्रभर सोल वाजायचं आणि दुर्मीळ तबकडी आपल्यापाशीच राहावी म्हणून हे लोक लेबलावर कागद चिकटवून गायकाचं खोटंच नाव सांगायचे. ती खोटी नावं अजून काही टेपांवर आणि याद्यांत फिरताहेत.

शहरात उतरा

आता नावं आणि वर्ष हातात आहे. त्या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाला मेल करा. तिथे जुन्या 'सिटी डिरेक्टरी' असतात: कोण कुठे राहतो, काय काम करतो. शाळांची वार्षिकं असतात, त्यांत मुलांचे फोटो नावासकट. कृष्णवर्णीय वाचकांची वर्तमानपत्रं वेगळी होती, ओहायोत 'कॉल अँड पोस्ट', शिकागोत 'डिफेंडर'. शनिवारच्या कार्यक्रमांच्या जाहिराती तिथेच सापडतात. ग्रंथपाल अशा पत्रांना मनापासून उत्तरं देतात, फक्त एका वेळी एकच नेमका प्रश्न विचारा. ओळखीतलं कुणी त्या शहरात असेल तर त्यांना एक दुपार ग्रंथालयात बसायला सांगा.

मुलींच्या बाबतीत लग्नानंतरचं आडनाव आड येतं. पेनी माहेरची कुल्टर, म्हणून जुन्या कागदांत शार्प या नावानं ती कुणाला सापडली नसती. यावर उपाय म्हणजे मृत्युलेख. अमेरिकन मृत्युलेखात मागे कोण कोण राहिलं याची यादी देतात, बहिणींची सासरची आडनावं आणि गाव यांसकट. भाऊ गेला असेल तर बहीण तिथे सापडते.

पहिला फोन

खरं तर आधी पत्रच लिहा. यातल्या बऱ्याच जणांना त्या काळी कुणीतरी फसवलेलं असतं आणि नंतर तबकड्या स्वस्तात उचलणारे दारात येऊन गेलेले असतात. फ्रँक विल्सन या सोल गायकाच्या १९६५ च्या एका तबकडीला २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किंमत आली, अशा बातम्या त्यांच्या नातवंडांनीही वाचलेल्या असतात. म्हणून 'तुमच्याकडे प्रती आहेत का?' हा प्रश्न पहिल्या भेटीत अजिबात विचारू नका. गाणं ऐकवा आणि गप्प बसा. पन्नास वर्षांनी स्वतःचा आवाज ऐकणाऱ्याला जरा वेळ लागतो. मग मागे कोण गातंय, ढोल कुणाचा, कुठल्या घरात सराव व्हायचा हे विचारा. फोटो दाखवले तर त्यांच्याच घरी, त्यांच्यासमोर स्कॅन करा. 'घेऊन जातो, परत पाठवतो' हे बोलूच नका.

टेप निघाली तर

मोह आवरा. ती लगेच मशीनवर चढवू नका. आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेटची आहे आणि कुजू लागली आहे. रीळ उजेडासमोर धरलं आणि आरपार उजेड दिसला तरी ॲसिटेटच. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही पॉलिएस्टर टेपांचा थर ओल धरून चिकट होतो. त्या पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत काही तास ठेवल्या तर थोड्या दिवसांपुरत्या वाजतात, पण हे काम प्रयोगशाळेचं, घरच्या ओव्हनचं नाही. ॲसिटेटची टेप तर कधीच तापवायची नाही. तबकडीच असेल तर नवी सुई लावा, धूळ काढा आणि पहिल्याच वाजवण्यात ध्वनिमुद्रण करून घ्या. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन ४५ च्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या) तबकड्या पॉलिस्टायरिन या प्लास्टिकच्या आहेत. बोथट सुईनं त्या पाहता पाहता खरवडल्या जातात.

इंटरनेटवर टाकण्याआधी

जुनं आहे म्हणजे फुकट आहे, असं नव्हे. गाण्याचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानुसार १९५७ पासून १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीपर्यंतची ध्वनिमुद्रणं २०६७ पर्यंत संरक्षित आहेत, आणि त्यानंतरच्यांना नेहमीचा कॉपीराइट आहेच. लेबलचा मालक गेला असेल तर वारस शोधावे लागतात, म्हणजे वर सांगितलेलं सगळं पुन्हा एकदा. कंपनीमार्फत काढणार असाल तर गायकांना काय मिळणार ते आधी कागदावर आणा. आणि मुखपृष्ठ छापायला जाण्यापूर्वी प्रत्येक गाणाऱ्याला फोन करून त्याचं नाव एकेक अक्षर करून लिहून घ्या.