ब्रॉयलरच्या पोटात चरबी साचतेय? प्रथिनांच्या या चुका टाळा

पक्षी वजनाला चांगला भरतो, पण कापल्यावर गिझार्डभोवती (दाणे दळणाऱ्या जठराभोवती) पिवळ्या चरबीचा जाड थर निघतो. संशय लगेच खाद्यातल्या तेलावर जातो. तेल कमी करण्याआधी प्रथिने पुरवणारी पेंड बघा.

पोत्यावरच्या आकड्यावर पेंड बदलणे. सर्वात महागात पडणारी चूक हीच. पोत्यावरचे क्रूड प्रोटीन म्हणजे मोजलेला नायट्रोजन गुणिले ६.२५, बस. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन किती, मिथिओनिन किती, हे त्यातून कळत नाही. (युरिया मिसळला तरी आकडा वाढतो!) सोयाबीन पेंडीऐवजी तेवढीच शेंगदाणा पेंड घातली तर टक्केवारी जवळपास तीच राहते, लायसिन मात्र बरेच घटते. मका ग्लूटेनमध्ये प्रथिने ६० टक्क्यांच्या घरात, पण लायसिन जेमतेम १ टक्का. एक अमिनो आम्ल कमी पडले की मांस तिथेच अडते. उरलेली अमिनो आम्ले मोडली जातात, नायट्रोजन युरिक आम्ल होऊन विष्ठेत जातो आणि न वापरलेल्या ऊर्जेची यकृतात चरबी बनते. त्यात कमतरता सौम्य असेल तर पक्षी ती भरून काढायला जास्तच खातो. म्हणून पेंड बदलली की पचणाऱ्या लायसिन-मिथिओनिनचा हिशेब नव्याने करा आणि तूट कृत्रिम अमिनो आम्लांनी भरा.

फिनिशर (शेवटच्या आठवड्यांचे खाद्य) लवकर सुरू करणे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यात किलोमागे ३२०० किलोकॅलरी ऊर्जा धरून पहिल्या ३ आठवड्यांना २३ टक्के प्रथिने आहेत, ६ ते ८ आठवड्यांना १८. म्हणजे प्रथिनांच्या दर टक्क्यामागे ऊर्जा १३९ वरून १७८ वर जाते. दोन आठवड्यांच्या पिलाला हे १८ टक्क्यांचे खाद्य दिले तर वाढ मंदावते आणि चरबी वाढते. पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवू नका.

सोयाबीन कच्चे किंवा करपलेले. कच्च्यातला ट्रिप्सिन रोधक (प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटक) पचन बिघडवतो, जास्त भाजले तर लायसिन निकामी होते. पेंड गडद तपकिरी दिसली तर प्रयोगशाळेत तपासून घ्या.

भरमसाट प्रथिने घालणे. चरबी घटते खरी, पण लिटर (शेडमधले अंथरूण) ओले होते, अमोनिया वाढतो आणि खर्चही.

बदलाचा परिणाम बघताना माद्यांची तुलना माद्यांशीच करा, तीही त्याच वयाच्या. नरांपेक्षा त्यांच्यात चरबी मुळातच जास्त असते.