रोमा वस्तीत अभ्यास आणि कापडचित्रांचा वर्ग कसा चालवावा

रोमा म्हणजे शतकांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या लोकांचा समाज. स्लोवाकिया किंवा चेकमधल्या रोमा वस्तीत वर्ग सुरू करायचा असेल, तर खोली शोधण्याआधी घरोघर जा. कॉफी पुढे आली तर घ्या. नाही म्हटलं की आपल्याला अस्वच्छ समजतात, असाच अर्थ घरचे काढतात. मूल कोणत्या वर्गात आहे, कोणता वर्ग पुन्हा करावा लागला, घरी कोणती भाषा बोलतात, एवढं विचारून वहीत लिहा. मागे राहिलेलं मूल सक्तीच्या शिक्षणाचं वय संपताच नववी न करताच बाहेर पडू शकतं, म्हणून त्याच्याकडे आधी लक्ष द्या.

भाषेवर अडखळणाऱ्या मुलाला मंद ठरवू नका. चेकमधल्या ऑस्ट्राव्हा शहरातल्या 18 रोमा मुलांना मंदबुद्धी मुलांसाठीच्या विशेष शाळांत घातल्याचा खटला युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेला. 13 नोव्हेंबर 2007 ला न्यायालयाने हा भेदभाव ठरवला आणि मुलांना तिथे पाठवण्यासाठी घेतलेल्या चाचण्यांच्या निःपक्षपातीपणावरही शंका घेतली. म्हणून गणित आधी रोमानीत, म्हणजे रोमांच्या भाषेत, सुरू होऊ द्या: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. पाण्याला पानी आणि नाकाला नाक म्हणणारी ही भाषा मराठी माणसाला लगेच जवळची वाटते, पण वर्गात ती शिकवण्याचा हक्क वस्तीतल्या माणसाचाच. दोन शिक्षकांपैकी एक रोमानी बोलणारा हवाच.

मुलं बारापेक्षा जास्त नकोत. आठवड्यातून तीन दिवस, दोन तास: 20 मिनिटं खाणं, 50 मिनिटं गृहपाठ, उरलेला वेळ कापड. गृहपाठ झाला नाही म्हणून कापड काढून घेऊ नका. तसं केलं की ज्याला वर्गाची सर्वांत जास्त गरज आहे, तोच मुलगा दुसऱ्या आठवड्यात यायचा थांबतो.

कापडाचं काम का? पोलंडच्या रोमा चित्रकार माउगोझाता मिर्गा-तास यांनी 2022 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात पोलंडचं दालन जुन्या कपड्यांच्या ठिगळांतून रचलेल्या चित्रांनी भरलं. मुलांना ती चित्रं आधी दाखवा. चित्रात बाई बसलीय आणि तिचा घागरा खऱ्या घागऱ्याचा आहे, हे मुलांनी पाहिलं की गाड्या, घोडे, भविष्य सांगणाऱ्या बायका अशी रोमांची ठरीव चित्रं आपोआप मागे पडतात.

घरून फक्त फाटके, वापरात नसलेले कपडे मागा. मृत माणसाचे कपडे मागू नका; काही रोमा समूहांत ते ठेवतच नाहीत. प्रत्येकाला पाठीमागच्या सुती कापडाचा 28 सेंटिमीटरचा चौकोन कापून द्या. चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर माया धरल्यावर चित्राला 25 उरतात. आकृती आधी कागदावर काढून तुकडे कापावेत, टाचण्यांनी बसवावेत आणि धावदोऱ्याने शिवावेत. टीशर्टचं कापड टाका घालताना ताणलं जातं आणि चित्रातला चेहरा वाकडा होतो. त्यामागे इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग लावा. इस्त्री मोठ्यांच्याच हातात असावी. टाचण्या वर्ग सुरू होताना मोजा, संपताना पुन्हा मोजा.

जोडणीचा दिवस म्हणजे गणिताचा उत्तम तास. चार चौकोन एका ओळीत शिवले तर पट्टी किती लांब? मुलं 112 म्हणतील. मग टेप लावा, 103 भरते. तीन शिवणींनी प्रत्येकी 3 सेंटिमीटर खाल्ले. ते नऊ कुठे गेले हे शिवण उलटून बोटांनी दाखवता येतं, आणि वजाबाकीचा अर्थ फळ्यापेक्षा तिथे लवकर उतरतो. बाहेरची माया मुडपल्यावर तीन ओळींचं पूर्ण कापड 100 बाय 75 होतं.

प्रदर्शन 8 एप्रिलला, आंतरराष्ट्रीय रोमा दिनी ठेवा. 2 ऑगस्ट हा नाझींच्या ऑशविट्झमधल्या रोमा छावणीतल्या 1944 च्या हत्याकांडाचा स्मृतिदिन. तो विषय मोठ्या मुलांबरोबर, घरच्यांशी बोलूनच घ्या. कापड टांगण्याची परवानगी वेगळी, मुलांचे फोटो इंटरनेटवर टाकण्याची वेगळी. दोन्ही लेखी आणि कुटुंबाला कळेल अशा भाषेत घ्या. चौकोनाखाली मुलाचं नाव लिहायचं का, हे त्यालाच विचारा. उरलेले कपडे ज्या घरून आले, त्या घरी त्याच पिशवीत परत द्या.